पुराची भाषा आणि पूरग्रस्तांचे साहाय्य : कोसीकाठच्या चार हिंदी लेखनकृतींचा विचार

(१)

दरवर्षी पावसाळा आला की पुराच्या वार्ता येतात आणि त्यांच्याबरोबर ठराविक शब्दही येतात. नदी 'कोपते', पाणी 'थैमान घालते', गाव 'उद्ध्वस्त' होते आणि माणूस 'पूरग्रस्त' होतो. पाणी ओसरले की हे शब्दही ओसरतात. मागे राहतो तो शासकीय भाषेतील 'पूरनियंत्रण' हा एक शब्द. पहिल्या शब्दसमूहात नदी ही वैरीण आहे, दुसऱ्यात ती बंदिवान आहे. या दोहोंच्या मधली एक स्थिती आहे. दर दोन-चार वर्षांनी पाणी दारात येणार हे गृहीत धरून शेती करणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, मुलांना शाळेत घालणाऱ्या गावाची ती स्थिती होय. आपल्या लिखित भाषेत तिच्यासाठी नाव नाही. आणि ज्या स्थितीला नाव नाही तिच्यासाठी योजनाही होत नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे गृहीतक आहे.

हिंदी वाङ्मयात मात्र कोसी नदीच्या प्रदेशाने या मधल्या स्थितीविषयी लेखनाची एक परंपराच निर्माण केली आहे. तिच्यातील चार कृती येथे विचारार्थ घेतल्या आहेत : फणीश्वरनाथ 'रेणु' यांची 'परती : परिकथा' ही कादंबरी (१९५७), त्यांचाच 'ऋणजल धनजल' हा वृत्तान्तसंग्रह (१९७७), अनुपम मिश्र यांचा 'तैरने वाला समाज डूब रहा है' हा निबंध (२००४) आणि दिनेश कुमार मिश्र यांचा 'दुइ पाटन के बीच में' हा ग्रंथ (२००६). कादंबरी, वृत्तान्त, निबंध व इतिहास या चार भिन्न प्रकारांना एकाच निकषाने मोजणे काहींना अप्रशस्त वाटेल. तथापि येथे निकष वाङ्मयप्रकाराचा नसून उपयोगाचा आहे, आणि तो उघडपणे सांगितलेला बरा : पुरात राहणाऱ्या गावाला साहाय्य करू इच्छिणाऱ्याने ही कृती वाचली, तर त्या गावाकडे त्याला अधिक नेमकेपणाने पाहता येते काय? अखेरीस, या वाचनातून जे हाती लागेल ते कृष्णा-पंचगंगेच्या काठी लागू पडते किंवा कसे, याचाही थोडक्यात विचार करावयाचा आहे.

(२)

कोसीचा स्वभाव प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे. तिबेट व नेपाळ यांतील हिमालयातून उतरणारी ही नदी बिहारमध्ये कुरसेला येथे गंगेस मिळते. ती पाण्याबरोबर प्रचंड गाळ आणते. डोंगर सोडून सपाटीवर येताच तिचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, पात्र उथळ होते आणि नदी शेजारचा सखल मार्ग धरते. सुमारे अडीचशे वर्षांत ती अशा रीतीने शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली. सोडून दिलेल्या प्रवाहांचे जाळे आणि वाळूने झाकलेली पडीक जमीन ही तिने मागे ठेवलेली मिळकत होय.

अशा नदीला बांधून घालावे किंवा नाही, हा वाद जुना आहे. १९३७ साली पाटणा येथे भरलेल्या पूरपरिषदेत बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी तटबंधांस, म्हणजे नदीच्या दोन्ही अंगांना घालावयाच्या मातीच्या लांबलचक बांधांस, विरोध केला होता. १९४७ च्या एप्रिलमध्ये निर्मली येथील कोसीपीडितांच्या परिषदेत नेपाळातील बराहक्षेत्र येथे उंच धरण बांधण्याची घोषणा झाली. ती योजना मागे पडली. १९५४ च्या एप्रिलमध्ये भारत व नेपाळ यांचा करार झाला आणि १९५५ च्या जानेवारीत तटबंधांच्या कामास आरंभ झाला. गाळाचा प्रश्न मात्र तटबंधांनी सुटण्यासारखा नव्हता. पूर्वी मैदानभर पसरणारा गाळ आता दोन बांधांच्या आत साचू लागला आणि आतील पात्र वर चढत गेले. बांधांच्या आत अडकलेल्या गावांना तर संरक्षण मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

(३)

'परती : परिकथा' या संक्रमणाच्या क्षणी लिहिली गेली. 'परती' म्हणजे पडीक जमीन. परानपूर हे गाव आणि त्याच्या शेजारी पसरलेली, कोसीने नापीक करून टाकलेली विस्तीर्ण धरणी हा कादंबरीचा विषय आहे. रेणूंनी या भूमीची कथा सांगताना कोसीमैयेची लोककथा आधाराला घेतली आहे. त्या कथेत कोसी ही सासरच्या जाचाने पळत सुटलेली सासुरवाशीण आहे. ही प्रतिमा मराठी वाचकाला सहज उमजेल. आपल्या ओवीवाङ्मयातही नदीचे आणि सासुरवाशिणीचे नाते अपरिचित नाही. तिच्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की लोककथा नदीच्या विध्वंसाला कारण देते आणि त्या कारणात नदीला दुष्ट ठरवीत नाही.

कादंबरीचा कल मात्र लोककथेपेक्षा निराळ्या दिशेस आहे. नव्या योजनेने कोसी आवरली जाईल, परती हिरवी होईल, विस्कटलेले गाव एकत्र येईल, ही आशा कादंबरीच्या अखेरीस प्रबळ होते. ही आशा खोटी ठरली म्हणून कादंबरीला दोष देणे अन्यायाचे होईल. १९५७ साली ती आशा देशाची होती, आणि तिच्याविना परानपूरच्या भांडणांना व स्वप्नांना अर्थच राहिला नसता. आक्षेप असलाच तर तो दृष्टीच्या मर्यादेवर घ्यावा लागेल. परती ही नदीने सोडून दिलेली जमीन आहे. जी जमीन नदीच्या नव्या मार्गात, दोन बांधांच्या आत गेली तिची कथा येथे नाही. योजनेमुळे जे वाचणार त्यांच्या बाजूने कादंबरी पाहते. ज्यांच्या घरावरून योजना जाणार ते तिच्या चौकटीबाहेर राहतात. पुढील पन्नास वर्षांच्या पूरविषयक विचाराची उणीव या एका चौकटीत आधीच दिसते.

(४)

'ऋणजल धनजल' या नावातील 'ऋण' म्हणजे उणे आणि 'धन' म्हणजे अधिक : एका भागात १९६६ चा दुष्काळ, दुसऱ्यात १९७५ चा पाटण्याचा पूर. रेणूंच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आमच्या निकषाने त्यांच्या कादंबरीहून श्रेष्ठ ठरते, असे म्हणावयास हरकत नाही. कादंबरीत नदी ही प्रतीक होती. येथे ती पायऱ्या चढून येणारे पाणी आहे.

पाटण्यातील आपल्या घरात पाण्याची वाट पाहत बसलेला लेखक पूर्वीचे पूर आठवतो, आणि या आठवणींतच पुस्तकाचे सार आहे. त्यांतील दोन तपशील येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला १९४७ चा. मनिहारीच्या पुरात सतीनाथ भादुडी यांच्याबरोबर नावेतून साहाय्यास निघालेल्या रेणूंच्या सामानात सर्वांत निकडीच्या वस्तू कोणत्या, तर 'पकाही घावा'चे औषध आणि काडेपेट्या. सतत पाण्यात राहून पायाची बोटे व तळवे कुजतात, त्या जखमेचे हे नाव. धान्य असून भागत नाही. कोरडी काडी नसेल तर ते शिजत नाही, आणि पाय सडले तर माणूस धान्यापर्यंत जाऊ शकत नाही. हे ज्ञान कचेरीत बसून येत नाही. ज्याने पूर आतून पाहिला त्याची यादी लहान असते आणि बरोबर असते.

दुसरा तपशील १९४९ चा. महानंदेच्या पुरात वेढलेल्या एका गावातून आजाऱ्यांना नावेने छावणीत न्यावयाचे असता एक तरुण आपल्या कुत्र्यासह नावेत चढतो. डॉक्टर कुत्र्याला घेण्यास नकार देतात; तेव्हा तो तरुण पाण्यात उतरतो आणि त्याच्या मागोमाग कुत्राही. रेणूंनी हा प्रसंग विनोदाच्या अंगाने सांगितला आहे, परंतु त्यातील बोध गंभीर आहे. खेड्यातील कुटुंबात जनावरांची गणना होते. ज्या छावणीत जनावराला जागा नाही ती छावणी त्या कुटुंबासाठी नाही, आणि अशा छावणीकडे जाण्यास नकार देणाऱ्या माणसाला 'अडाणी' किंवा 'हट्टी' म्हणणे हे साहाय्यकर्त्याचेच अज्ञान होय.

रेणूंच्या या लेखनात एक प्रसंग असाही आहे, की पाण्याने वेढलेल्या मुसहरांच्या वस्तीत मचाणावर नाच चालू आहे आणि लोक हसत आहेत. वाचकाला तो फार प्रिय होतो. येथे समीक्षकाने सावध राहिले पाहिजे. सखल जागी वस्ती करणे हे मुसहरांनी हौसेने निवडलेले नाही. भूमिहीनाला जी जागा उरते ती सखलच असते. त्यांच्या हसण्यातील सामर्थ्य खरे आहे, परंतु त्या सामर्थ्याचे कौतुक करून जागेचा प्रश्न टाळता येत नाही. रेणू स्वतः हा प्रश्न विसरत नाहीत. त्यांचे अनुकरण करणारे पुष्कळदा विसरतात.

(५)

अनुपम मिश्र यांचा निबंध २००४ च्या बिहारमधील पुराच्या पार्श्वभूमीवर लिहिलेला आहे. त्याचे शीर्षक हेच त्याचे प्रमेय आहे : जो समाज पोहणारा होता तो आज बुडत आहे. पूर अचानक येत नाही, त्याच्या येण्याचा काळ ठरलेला असतो, आणि तरीही शासन दरवर्षी चकित होते, हा त्यांचा मुख्य उपरोध आहे. पूर्वी मोठमोठे ताल व सखल चौर पुराचे पाणी पोटात घेत. पाणी पातळ थराने सर्वत्र पसरे आणि निघून जाई. गावाला नावा होत्या, मल्लाह होते, आणि पाण्याची भाषा येत होती. हेलिकॉप्टरमधून अन्नाची पुडकी टाकण्यापेक्षा नावा बांधून ठेवाव्यात व नावाड्यांना हाताशी धरावे, ही त्यांची सूचना अत्यंत साधी आणि अत्यंत शहाणपणाची आहे.

गद्य म्हणून हा निबंध चारही कृतींत सर्वांत प्रसन्न आहे. त्याची वाक्ये लहान आहेत, उपरोध सौम्य आहे, आणि अभियंत्याला न दुखावता त्याला लाजविण्याची कला लेखकाला साधली आहे. परंतु या प्रसन्नतेतच त्याची मर्यादाही आहे. 'समाज' हा शब्द येथे फार एकसंध झाला आहे. पोहणारा कोण होता आणि काठावर कोण उभा होता? नाव कोणाच्या मालकीची होती? मल्लाहाचे कौशल्य ही गावाची संपत्ती खरी. पण त्या संपत्तीचा मोबदला मल्लाहाला वर्षभर मिळत होता काय? आज उत्तर बिहारमधील तरुण रोजगारासाठी पंजाब, दिल्ली, मुंबईकडे जातो. नावाडी त्यातच आहे. नाव विकत घेणे सोपे; पाणी येईल त्या दिवशी गावात असणारा नावाडी टिकविणे कठीण. जुन्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन हा साहाय्याचा मार्ग मानावयाचा असेल, तर त्या व्यवस्थेतील विषमतेचाही हिशेब मांडावा लागेल. तो या निबंधात नाही.

(६)

दिनेश कुमार मिश्र हे शिक्षणाने स्थापत्य-अभियंता. आपल्याच विद्येच्या कागदपत्रांची त्यांनी केलेली उलटतपासणी हा 'दुइ पाटन के बीच में' या ग्रंथाचा प्राण होय. कबीराच्या दोह्यातील जात्याच्या दोन तळ्यांची प्रतिमा येथे शब्दशः खरी होते : दोन तळ्या म्हणजे दोन तटबंध, आणि मध्ये भरडली जाणारी गावे. भारतीय हद्दीतील अशा गावांची संख्या ते ३८० देतात. 'परती : परिकथे'च्या चौकटीबाहेर राहिलेली माणसे ती हीच. पन्नास वर्षांनी का होईना, त्यांना इतिहासकार मिळाला.

ग्रंथाचे बळ पुराव्यात आहे. १९६३ मध्ये नेपाळातील डलवा येथे बांध फुटला आणि त्यानंतर तो वारंवार फुटत राहिला. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या दोन वर्षांत, १८ ऑगस्ट २००८ रोजी, कुसहा येथे पूर्व तटबंध फुटला. त्या वेळी नदीत सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते. योजना साडेनऊ लाख क्युसेकची होती. नदी आपल्या जुन्या मार्गाने सुपौल, मधेपुरा, अररिया या जिल्ह्यांत शिरली आणि तीस लाखांहून अधिक लोकांना तिचा तडाखा बसला. त्यांतील पुष्कळ गावांनी पन्नास वर्षांत पूर पाहिला नव्हता; त्यांच्याकडे नावा नव्हत्या, उंच जोती नव्हती, पुराची सवयही नव्हती. तटबंधाने त्यांचे रक्षण केले तितकी वर्षे त्याने त्यांना पुराविषयी अशिक्षितही ठेवले. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस वीरपूरच्या बराजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी गेले, १९६८ नंतरचा हा सर्वांत मोठा विसर्ग होता. तेव्हाही दरभंगा जिल्ह्यात तटबंध फुटला. बिहारमध्ये १९५४ साली तटबंधांची लांबी सुमारे १६० किलोमीटर व पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. १९९० च्या दशकात लांबी ३,४०० किलोमीटरांवर गेली आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरांहून अधिक झाले. या वाढीला मोजणीच्या पद्धतीसह अन्य कारणेही असू शकतील. परंतु तटबंध वाढले म्हणून पूर घटला, असे म्हणण्यास आकडे आधार देत नाहीत, एवढे निश्चित.

तथापि भाषेच्या अभ्यासकाला मिश्र यांच्या लेखनातील सर्वांत मोलाची सामग्री वेगळीच वाटेल. मिथिलेत पुराला एकच नाव नव्हते, ही गोष्ट त्यांनी नोंदविली आहे. बाढ़, बोह, हुम्मा, साह आणि प्रलय अशी ही चढती श्रेणी. पाणी उंबऱ्याशी आले की खिडकीशी, गुरे कितपत बुडाली, या घरगुती मापांनी ती ठरे. पहिल्या पायरीचा पूर स्वागतार्ह होता, कारण तो शेतात गाळ टाकून जाई. वरच्या पायऱ्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी दिसत. प्रत्येक शब्दाबरोबर एक कृती ठरलेली असली पाहिजे : अमुक शब्द ऐकला की धान्य माळ्यावर, तमुक ऐकला की गुरे उंचवट्यावर. आज या पाचही अवस्थांना शासकीय भाषेत 'बाढ़' हा एकच शब्द आहे. पाच शब्दांच्या जागी एक शब्द आला, तेव्हा भाषेतून चार सूचना नाहीशा झाल्या.

ग्रंथाची उणीव सांगावयाची तर ती अशी, की त्याचा घाट फिर्यादीचा आहे. अपराध कोणाचा, हे तो निर्विवाद सिद्ध करतो. परंतु तटबंध आज उभे आहेत आणि त्यांच्या आत लाखो माणसे राहत आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्यात काय करावे, हा प्रश्न तुलनेने मागे पडतो. बांधाबाहेरची माणसे बांध मजबूत करा म्हणतात आणि आतली माणसे तो नसता तर बरे म्हणतात. या दोन मागण्यांत तडजोड कशी करावी, याचेही उत्तर इतिहासातून मिळत नाही. ते उत्तर लहान कामांतून आकार घेत आहे. उत्तर बिहारमधील मेघ पाईन अभियानाने पुराच्या दिवसांत पावसाचे पाणी साठवून ते पिण्याचा परिपाठ रुजविण्याचा प्रयत्न केला. चोहीकडे पाणी असताना पिण्यास पाणी नाही, ही अडचण ज्याने ओळखली त्याची दृष्टी रेणूंच्या काडेपेटीशी नाते सांगते.

(७)

आता कृष्णाकाठाकडे वळू. कोसी आणि कृष्णा यांत साम्य थोडे आहे. कृष्णेचा गाळ तेवढा नाही आणि ती मार्गही बदलत नाही. येथील पुरात धरणांचे विसर्ग, पात्रातील अडथळे आणि मळीच्या रानांवर चढलेली वस्ती यांचा वाटा आहे. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापूरचा पूर हा अपवाद मानता येत नाही. तोही 'मधल्या स्थिती'त आला आहे.

या काठालाही पुराची स्वतःची श्रेणी होती, याचे जिवंत प्रमाण नृसिंहवाडी येथे आहे. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो व भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलविली जाते. धर्माच्या भाषेत हा सोहळा आहे. व्यवहाराच्या भाषेत ते पूरमापन आहे. पाणी येणार, अमुक उंचीपर्यंत ते मंगल, त्यापुढे देवानेही जागा सोडावयाची, हे येथे आचारात बसविलेले आहे. आज आपल्याजवळ राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फूट ही इशारा-पातळी व ४३ फूट ही धोका-पातळी आहे. हे आकडे आवश्यक आहेत. परंतु शिरोळ तालुक्यातील एखाद्या घराच्या गोठ्याला ४३ फूट म्हणजे काय, हे आकडा सांगत नाही. तो अनुवाद कोणी तरी करावयास हवा.

अनुपम मिश्रांच्या नावांचा मुद्दाही येथे कसास लागतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. नाव होती, परंतु नाव असणे म्हणजे नावेची व्यवस्था असणे नव्हे. किती माणसे बसवावयाची, फेऱ्या केव्हा सुरू करावयाच्या, अंगावर तरंगते जाकीट कोणाच्या, नावाडी किती आणि ते थकले तर पुढे कोण, हे कोरड्या दिवसांत ठरवून सरावाने अंगवळणी पाडलेले नसेल, तर नाव हे आशेचे साधन राहून धोक्याचे ठरते. जनावरांमुळे घर न सोडणारी माणसे त्या वर्षी कृष्णाकाठीही होती. रेणूंचा तो तरुण बिहारपुरता नव्हता.

(८)

या चार कृतींचे एकत्र वाचन केल्यावर जो निष्कर्ष निघतो तो असा. 'परती : परिकथे'ने योजनेवरचा विश्वास दिला आणि योजनेच्या आत सापडलेल्यांना वगळले, दिनेश कुमार मिश्रांनी त्यांना इतिहासात आणले, अनुपम मिश्रांनी गावाच्या कौशल्याला प्रतिष्ठा दिली, पण त्या कौशल्याचे वेतन विचारले नाही, 'ऋणजल धनजल' या एकाच पुस्तकाने पूर हा पाय, काडी, गुरे आणि जागा यांच्या मापात पाहिला. म्हणून साहाय्याच्या दृष्टीने त्याचे स्थान पहिले मानले पाहिजे. पाणी किती आले एवढेच न विचारता ते किती दिवस राहिले, कोठून निघून जाणार, रस्त्याला व रेल्वेच्या भरावाला मोऱ्या पुरेशा आहेत काय, हातपंपाचे तोंड पुराच्या वर आहे काय, जोते किती उंच घेण्याची ऐपत कोणाला आहे व कोणाला नाही, हे प्रश्न त्या मापातूनच निघतात. त्यांची उत्तरे गावागणिक आणि घरागणिक निराळी असणार.

मराठीच्या अभ्यासकांपुरते एक काम यातून स्पष्टपणे पुढे येते. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा यांच्या काठच्या गावांत पुराच्या उंचीसाठी, पाण्याच्या रंगासाठी, ओसरण्याच्या खुणांसाठी कोणते शब्द होते, त्यांपैकी कोणते आजही बोलले जातात, आणि उंबरा, जोते, ओसरी, गोठा, माळा यांच्या मापाने २००५, २०१९ व २०२१ चे पाणी कोणत्या घरात कोठवर आले होते, याची नोंद अद्याप वृद्धांच्या बोलण्यातून आणि भिंतींवरील खुणांतून करता येण्यासारखी आहे. भिंती पुन्हा रंगविल्या जात आहेत आणि माणसे जात आहेत. अशी गावनिहाय नोंद तयार झाली तर धोका-पातळीचा आकडा गावच्या बोलीत सांगता येईल. आणि पुढच्या पुरात एखाद्या वाडीला वेळीच उमजेल, की आता धान्य वर चढवावयाचे की गुरांचे दावे सोडावयाचे.